न विचारलेला दोष

दळवीकाकांची आठवण झाली की मला अजूनही साबणानं हात धुवावेसे वाटतात. हे वाक्य आमच्या मंडळाच्या अंकात छापता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. लखनौच्या मराठी मंडळानं काकांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्यांचा सत्कार करायचा आणि एक छोटासा अंक काढायचा घाट घातला, तेव्हा कार्यवाह अलीगंजला माझ्या घरी येऊन बसले. तुमचं आणि त्यांचं क्षेत्र एकच, तेव्हा दोन पानं तुम्हीच लिहा, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चहा पाजला, वेळ नाही म्हणून सांगितलं आणि फाटकापर्यंत पोचवून आले. वेळ भरपूर होता. पण त्या अंकात काकांना 'सचोटीचा माणूस' म्हटलेलं असणार, आणि त्या शब्दांच्या खाली माझं नाव छापून आलेलं मला बघवलं नसतं. म्हणून ही पानं वेगळी लिहिते आहे, कुणी न मागता.

क्षेत्र एकच म्हणजे काय, ते सांगायला हवं. मी शेतीच्या अवजारांची अभियंता. मूळची अमरावतीची. नोकरीसाठी लखनौच्या एका संशोधन संस्थेत आले आणि इथलीच होऊन गेले. आमच्या विभागात नवी अवजारं तपासायला येत. दळवीकाका जुन्या अवजारांचे. सैन्याच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडण्यात त्यांचं आयुष्य गेलं, सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गाव पाटणकडचं, पण तिथं भाऊबंदकी होती, म्हणून छावणीच्या पलीकडे प्लॉट घेऊन त्यांनी इथंच घर बांधलं. आणि मग जुने ट्रॅक्टर, थ्रेशर, रोटाव्हेटर, पुढे पुढे रोलर आणि खोदाईची यंत्रं, असं ज्याला जे विकायचं असेल त्याला गिऱ्हाईक शोधून द्यायचं, ज्याला घ्यायचं असेल त्याला माल शोधून द्यायचा आणि दोघांना पटेल असा भाव ठरवून द्यायचा, हा उद्योग सुरू केला.

नव्या ट्रॅक्टरचा भाव दुकानात विचारला की कळतो. जुन्याचा कुठंच लिहिलेला नसतो. विकणारा अव्वाच्या सव्वा सांगतो, घेणारा लाज वाटेल इतका कमी सांगतो, आणि मधे एक माणूस लागतो ज्याच्या तोंडून आलेला आकडा दोघंही मान खाली घालून ऐकतात. आलमबाग सोडून कानपूरच्या रस्त्याला लागलं की जुन्या यंत्रांची आवारं आहेत. तिथं हा माणूस म्हणजे 'सूबेदार साहब'. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट सगळे सांगत, की हा माणूस खोटं बोलत नाही. आणि ते खरं होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाही खोटं बोलताना पकडू शकले नाही, आणि मी काही कमी टपून बसले नव्हते.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या संस्थेत, कंडम झालेल्या ट्रॅक्टरांच्या लिलावात. दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं असतील. भंगारवाल्यांच्या घोळक्यात हे पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री, पॉलिश केलेले बूट अशा थाटात उभे होते. खिशात एक दाढीचा छोटा आरसा, तो यंत्राच्या खाली धरून पोट बघायचे. ओळीतल्या पहिल्या ट्रॅक्टरपाशी त्यांनी तेल बघायची पट्टी बाहेर काढली आणि शेजारी उभ्या असलेल्या आमच्या प्रशासन अधिकाऱ्यांकडे हात पसरला. "सर, ज़रा रूमाल दीजिएगा।" अधिकाऱ्यांनी बिचाऱ्यांनी दिला. काकांनी त्यानं पट्टी पुसली, तेल बोटांत चोळलं, हुंगलं, रुमालाची काळी बाजू आत राहील अशी नीट घडी घातली आणि आभार मानून परत दिला. अधिकाऱ्यांनी तो तसाच खिशात ठेवला. मीही हसले तेव्हा. पुढे पाहिलं तर हा त्यांचा नेम होता. स्वतःचा रुमाल त्यांच्या खिशात कायम असायचा आणि तो कायम स्वच्छ असायचा.

मग ते सगळ्या भंगारवाल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की हा ट्रॅक्टर भंगाराच्या भावानं देऊ नका, ह्याचं इंजिन चांगलं आहे. अधिकारी खूश. बोली चढली. एका बाहेरच्या माणसानं सरकारचा फायदा करून दिला म्हणून त्यांना आत नेऊन चहा-समोसा झाला, आणि ते साताऱ्याकडचे आहेत हे कळल्यावर मला मुद्दाम बोलावून ओळख करून देण्यात आली. परमुलखात मराठी बोलणारं माणूस भेटलं की आपण मराठी माणसं चटकन विरघळतो. मी विरघळले.

नंतर महिन्याभरानं आमचा ट्रॅक्टर ड्रायव्हर रामदुलारे हसत हसत मला सांगत आला, की मॅडम, त्या लिलावातले बाकीचे दोन ट्रॅक्टर मलिहाबादच्या आंब्याच्या बागेत मस्त चालू आहेत. तेच दोन, जे किलोच्या भावानं गेले होते. घेणारा माणूस काकांचाच. ज्याचं इंजिन बरं होतं, पण बाकी सगळं गेलेलं होतं, त्याचं काकांनी मोठ्यानं कौतुक केलं. जे दोन खरोखर चालण्यासारखे होते, त्यांच्याविषयी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांचे डोळे त्या एकावर. रामदुलारेला ह्यात भारी मजा वाटली होती. "दिमाग़ देखिए मैडम जी," तो म्हणाला.

रामदुलारेविषयी इथंच सांगते, कारण ह्या गोष्टीत ज्याचं सगळं पणाला लागलं तो तोच. मोहनलालगंजकडचा. आमच्या प्रक्षेत्रावर त्यानं उभी हयात सरकारी ट्रॅक्टर चालवला. नांगराची रेघ अशी सरळ काढायचा की पाहुण्यांना आम्ही ती दाखवायला न्यायचो. त्याची एकच इच्छा होती. स्टिअरिंगवर बसायचं ते एकदा तरी स्वतःच्या मशीनच्या, सरकारी मशीनच्या नाही. निवृत्तीचे पैसे हाती आले की एक जुनी मशीन घ्यायची, हे त्यानं मला निदान दहा वर्षं ऐकवलं असेल.

काकांची खरी रीत मला कळली ती साठेसाहेबांमुळे. हे हवाई दलातून निवृत्त झालेले विंग कमांडर. पुण्याला परत जायचं सोडून त्यांनी शहराबाहेर जमीन घेतली आणि शेतीचा नाद लावून घेतला. जुना ट्रॅक्टर घ्यायला काकांबरोबर निघाले, तेव्हा मलाही सोबत घेतलं. आवारात काका एखाद्या डॉक्टरसारखे ट्रॅक्टरभोवती फिरले आणि मालकाच्या तोंडावर एकेक दोष सांगत गेले. सीट फाटली आहे. बॅटरी मेली आहे. पुढचा एक टायर गुळगुळीत झालाय. प्रत्येक दोषाला मालक कपाळाला हात लावी आणि भाव उतरे. साठेसाहेबांची कळी खुलत गेली. आपला माणूस बरोबर असला की कसं असतं, असं त्यांनी मला हळूच ऐकवलं.

मी हात धुवायला आवाराच्या मागच्या नळावर गेले. थोड्या वेळानं पलीकडच्या थ्रेशरपाशी काका आले, त्याच्या मालकाशी बोलायला. मी भिंतीआड आहे हे त्यांना दिसलं नाही. थ्रेशरचा पट्टा उसवला होता, आणि मालक तो बदलून घेतो म्हणत होता. काका त्याला म्हणाले, "बेल्ट मत बदलना। ग्राहक को पकड़ने के लिए कुछ छोड़ना पड़ता है।" एवढंच. आवाजात काही लपवाछपवी नव्हती, शिकवणीतल्या मास्तरसारखं सांगत होते.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सीट, बॅटरी, टायर हे दोष राखून ठेवलेले होते. ते बाजारात शे-दोनशे किंवा चार-पाच हजारांत दुरुस्त होतात, डोळ्यांना दिसतात आणि घेणाऱ्याला वाटतं, सगळं उघड झालं. मोठ्या आवाजात बारीक दोष सांगायचे. मोठा दोष असेल तिथं आवाज बंद. साठेसाहेबांचा ट्रॅक्टर पहिल्याच नांगरणीला गिअर सोडायला लागला, गिअरबॉक्स उतरवावी लागली, आणि त्यात तिसऱ्या गिअरचे दात झिजून पार बोथट झालेले निघाले. मी साठेसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, काकांनी बिचाऱ्यांनी जे जे दिसलं ते सांगितलं की, पोटातलं त्यांना काय दिसणार. माणूस स्वतःची फसवणूक किती आनंदानं सांभाळून ठेवतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर काका नुसते दलाल ठरले असते, आणि दलालाचा कुणी इतका तिटकारा करत नाही. पण ते मदतीला धावणारे होते, ही खरी पंचाईत. एकदा छावणीतल्या रिकाम्या रस्त्यावर माझी स्कूटर बंद पडली. जूनचं ऊन. काका त्यांच्या मोटरसायकलवरून जात होते, थांबले, तासभर उन्हात बसून कार्ब्युरेटर उघडून साफ केला, पाणीसुद्धा घेतलं नाही. मंडळाच्या गणपतीला मांडवाचे खांब स्वतः रोवत. कुणाच्या घरी मयत झालं तर सगळ्यांत आधी पोचत. हे सगळं मनापासून होतं, ढोंग नव्हतं. मला ढोंगी माणसाचा राग येतो आणि निघूनही जातो. हा माणूस एका हातानं खरंच चांगलं करत होता आणि दुसऱ्या हातानं जे करत होता त्याला स्वतः वाईट समजतच नव्हता, आणि त्याचीच मला शिसारी येई.

भाव कसा ठरवता, असं मी त्यांना एकदा गणपतीच्या मांडवात विचारलं होतं. मला वाटलं, किती तास चालली, टायर किती उरले, सांध्यांतल्या पिना आणि बुश किती ढिले झाले, असं काही सांगतील. ते सगळं त्यांना येत होतंच. पण प्रसादाचा द्रोण चाटत ते म्हणाले, "ताई, आधी गिऱ्हाईकाचा भाव काढायचा. मशीनचा मागाहून." गिऱ्हाईकाचा भाव म्हणजे, त्याला घाई किती आहे, बायको सोबत आली आहे का, आणि तो मशीनकडे बघतो का मशीनवर बसलेल्या स्वतःकडे. शेवटच्या प्रकारचं गिऱ्हाईक सगळ्यांत महाग, म्हणाले, आणि खुशीत हसले.

पुढे शहर चोहोबाजूंनी फुगायला लागलं. नव्या वसाहती, नवे रस्ते, मग मेट्रोचं खोदकाम. जो तो खोदाईच्या यंत्राच्या मागं लागला. ज्याला इकडे सगळे एका कंपनीच्या नावानंच हाक मारतात, पुढं सूप आणि मागं खोदायचा लांब हात असलेलं ते पिवळं यंत्र. लोक फोनवर जुन्या मशीनचे फोटो टाकायला लागले, घरबसल्या भाव विचारायला लागले. काकांचा धंदा बसेल असं मला वाटलं होतं. उलट वाढला. फोनवर चाळीस मशीन पाहून भंजाळलेला माणूस शेवटी कुणाला तरी विचारतो, की ह्यातली खरी कोणती. आणि खरं सांगणारा माणूस लखनौमध्ये एकच होता.

रामदुलारे निवृत्त झाला तो ह्या दिवसांत. हारतुरे झाले, त्याला संस्थेनं एक घड्याळ दिलं, आणि पंधरवड्यानं तो मिठाईचा डबा घेऊन माझ्या खोलीत आला. मशीन घेतली होती. पिवळी. जवळजवळ सगळे पैसे त्यात घातले होते. मी विचारलं, मला दाखवायची नाही का आधी? तो ओशाळला. "मैडम जी, सूबेदार साहब साथ थे, तो आपको क्या तकलीफ़ देते।" कोणते दोष सांगितले, मी विचारलं. त्यानं अभिमानानं सांगितले. सीट, बॅटरी, एक गळका पाइप. पन्नास हजार कमी करून दिले म्हणाला.

मी दुसऱ्या दिवशी येऊन मशीन बघते म्हटलं. पण तो त्याच रात्री कामाला लावण्यासाठी ती सुलतानपूरच्या रस्त्याकडे घेऊन गेला, तिथं एका वसाहतीच्या गटाराचं काम त्याला मिळालं होतं. मग त्याला सुट्टी नव्हती आणि मला दौरा होता. त्यानं फोनवर मशीनचा आवाज ऐकवला. इंजिन खरोखर छान चालत होतं. तीन आठवड्यांनी फोन आला तो त्याच्या बायकोचा, हॉस्पिटलमधून.

भाड्यानं ठेवलेला ऑपरेटर मशीनवर होता आणि रामदुलारे चरात उतरून खोली दाखवत होता. खोदायचा हात, ज्याला बूम म्हणतात, तो मधोमध तुटला आणि टोकाची खोदायची बादली रामदुलारेच्या उजव्या पावलावर आली. पाऊल कापावं लागलं नाही, इतकंच काय ते चांगलं. हाडांचा चुरा झाला होता. ट्रॅक्टरचा ब्रेक ज्या पायानं दाबायचा, तो पाय पुन्हा कधी पेडलवर नीट टेकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी मशीन बघायला गेले. तुटलेल्या जागी जुनी चीर होती, गंजलेली. तिच्यावर आधी कुणीतरी वेल्डिंग मारलं होतं, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून घासलं होतं आणि वर रंग. ताज्या तुटीची चमक फक्त कडेला बोटभर होती, बाकी सगळी तूट जुनी. इतकी जुनी की नवखा माणूससुद्धा ओळखेल, फक्त रंग निघाला तर. हॉस्पिटलमध्ये रामदुलारेला मी खोदून खोदून विचारलं, की घेताना काकांनी बूम पाहिला होता का. पाहिला होता, म्हणाला. खिशातून रुपयाचं नाणं काढून खालपासून वरपर्यंत ठोकत गेले होते. एका जागी थांबून दोन-तीनदा ठोकलं, आणि मग म्हणाले, चला, आता टायर बघू.

लांबी भरलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो. हे काकांना कळलं नसेल असं मी क्षणभरही मानलं नाही.

मी तशीच त्यांच्या घरी गेले. सकाळची वेळ. काकूंनी पोहे केले होते, काका व्हरांड्यात बसून खात होते. मलाही बशी आली. मी ती तशीच ठेवली आणि सरळ विचारलं.

"बूमला वेल्डिंग आहे, हे तुम्हाला कळलं होतं?"

"कळलं होतं की."

इतक्या सहज. मला वाटलं होतं कानांवर हात ठेवतील, निदान आठवत नाही म्हणतील. मग सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"त्यानं विचारलं नाही, ताई," काका म्हणाले. "सीटचं विचारलं, बॅटरीचं विचारलं, तेलाचं विचारलं. विचारलं त्याचं सगळं खरं सांगितलं. बूमला जोड आहे का, असं म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं का? आणि विकणारापण बालबच्चेवाला माणूस आहे. उगाच त्याच्या पोटावर पाय कसा द्यायचा?"

"रामदुलारेचा पाय गेला, काका."

"फार वाईट झालं," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे खरंच भरून आले. मग काकूंना म्हणाले, लिंबू दे गं थोडं.

मी उठून फाटकाबाहेर आले आणि स्कूटरला धरून उभी राहिले. त्यांच्या तोंडावर काहीतरी तोडून बोलायला हवं होतं, पण ज्या माणसाला लाज वाटायची जागाच नाही त्याला कुठं टोचणार. दुपारी कळलं, की काका हॉस्पिटलमध्ये सफरचंदं घेऊन गेले होते, रामदुलारेच्या उशाशी दोन तास बसले होते आणि त्याच्या बायकोला, काही लागलं तर हक्कानं सांगा, म्हणून आले होते.

मंडळाच्या बैठकीत मी हे सगळं मांडलं. कुणी काकांच्या बाजूनं भांडलं नाही, पण कुणी हललंही नाही. एक बाई म्हणाल्या, पण ते खोटं तर बोलले नाहीत ना. कार्यवाह म्हणाले, हा व्यवहार मंडळाबाहेरचा. साठेसाहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मग गणपतीच्या वर्गणीचा विषय निघाला. त्या दिवसापासून मंडळाची भजी माझ्या घशाखाली उतरत नाहीत.

रामदुलारेला मी ग्राहक न्यायालयात चल म्हटलं, वकील शोधते म्हटलं. तो हो-हो म्हणत राहिला. मग फोन उचलेनासा झाला. वर्ष-सव्वा वर्ष गेलं असेल. एके दिवशी त्याचाच फोन. मशीन विकायची आहे, आवारात उभी आहे, तुम्ही याल का? "बस आप खड़ी रहिएगा मैडम जी। आपके रहने से तसल्ली रहेगी।" मला वाटलं, काकांनी आणखी लुबाडू नये म्हणून हा मला बोलावतो आहे. माझं मन भरून आलं. मी अर्धी रजा टाकून गेले.

आवारात मशीन पिवळीधमक उभी होती. बूम सरळ, वरवर अखंड, तुटीच्या जागी जाणकारालाच दिसेल असा जोडाचा उंचवटा, वर ताजा रंग, त्याचा वास अजून जाणवत होता. सीट फाटलेलीच होती. शेजारी काठी टेकून रामदुलारे, आणि काकांच्या हातात सिगारेटच्या पाकिटाएवढी डबी, बडीशेपेची, ती ते गिऱ्हाईकासमोर धरत होते. गिऱ्हाईक सीतापूरकडचा तिशीतला मुलगा होता, त्रिपाठी. शाळेतली मास्तरकी सोडून ठेके घ्यायला लागलेला. मशीन धाकट्या भावाला चालवायला देणार होता, भाऊ गाडीत बसून फोनवर मशीनचे फोटो कुणाला तरी पाठवत होता. काका दोष सांगत होते. रामदुलारे प्रत्येक दोषाला कपाळाला हात लावत होता.

तेव्हा मला कळलं, मला कशाला बोलावलं आहे ते. संस्थेच्या मॅडम उभ्या आहेत म्हटल्यावर मशीनची पत वाढते. ज्या बूमनं आपलं पाऊल चेचलं, तोच बूम जोडून, रंगवून, तो दुसऱ्याच्या भावाच्या डोक्यावर द्यायला रामदुलारे उभा होता, आणि त्यासाठी त्यानं निवडलं होतं ते दळवीकाकांनाच. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वळवली नाही. उलट हलकेच हात जोडले. मला त्याची कीव यायला हवी होती, कारण त्याचं सगळं त्या लोखंडात अडकलं होतं. मला किळस आली. त्याची, काकांची, त्या रंगाच्या वासाची.

त्रिपाठी माझ्याकडे वळला. मॅडम, आपण तर इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा, घेऊ का?

मी सांगितलं. बूम तुटलेला आहे, जोडला आहे, आणि ह्याच बूमनं ह्या माणसाचा पाय गेला आहे. हिंदीत, हळू, एकेक शब्द. रामदुलारेचा चेहरा राखेसारखा झाला. मी काकांकडे पाहिलं. निदान आता हा माणूस सापडला, असं मला वाटलं.

काकांनी डबी बंद केली, खिशात ठेवली आणि त्रिपाठीच्या खांद्यावर हात ठेवला. "मैडम बिल्कुल सही कह रही हैं," ते म्हणाले. "बूम टूटा हुआ है। यह मशीन आप मत लीजिए। बंथरा में एक दूसरी खड़ी है, चलिए, वह दिखाता हूँ।"

त्रिपाठीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की मला पुढचं बघवेना. आजच्या काळात असा माणूस कुठं मिळतो, हातातला सौदा सोडून देणारा, असं काहीतरी तो बोलला आणि वाकून त्यांच्या पायांना हात लावला. भावाला मागं बसायला सांगून त्यानं काकांसाठी पुढचं दार स्वतः उघडून धरलं. काका बसले, शर्टाची इस्त्री चुरगळणार नाही असे सावरून बसले, आणि काच खाली करून मला म्हणाले, येतो ताई, ऊन फार आहे, सावलीत थांबा. गाडी बंथराच्या दिशेनं गेली.

आवारात आम्ही दोघंच उरलो. मी रामदुलारेला म्हटलं, चल, तुला घरी सोडते, ह्या उन्हात कुठं बसची वाट बघशील. तो काठीनं जमीन उकरत राहिला.

"आप जाइए मैडम जी," तो शेवटी म्हणाला. "सूबेदार साहब लौटेंगे। वही बेच पाएँगे।"

त्यानं मशीनच्या सावलीत खुर्ची ओढली, माझ्याकडे पाठ केली आणि रस्त्याकडे तोंड करून काकांची वाट बघत बसला.